कोनशिलेचे वाङ्मय आणि हद्दीतली करमणूक

मराठीतील एका वाङ्मयप्रकाराची समीक्षेने अद्याप म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. तो पुस्तकांत सापडत नाही. नाट्यगृहाच्या, वाचनालयाच्या किंवा तरणतलावाच्या दर्शनी भिंतीत तो बसवलेला असतो आणि त्याला कोनशिला म्हणतात. त्याची संहिता ठरलेली असते. प्रारंभी 'शुभहस्ते', मग 'प्रमुख उपस्थिती', त्याखाली 'अध्यक्षस्थान', त्यानंतर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांत नगरसेवकांपासून शहर अभियंत्यापर्यंतची नामावली, आणि अखेरीस तारीख. या संहितेला एकच दिवस ठाऊक असतो, तो म्हणजे उद्घाटनाचा. वास्तू उद्यापासून कोणी चालवायची, छत गळू लागले तर कोणी पाहायचे, दाराशी कोणी यावे आणि किती पैशांत यावे, यांविषयी ती एक अक्षरही बोलत नाही.

शेजारशेजारच्या नगरपालिका-महापालिकांनी मिळून एक सामायिक करमणूक केंद्र उभारावे आणि मिळून चालवावे, ही सूचना तशी साधी आहे. आपल्याकडे मात्र ती केली की ऐकणारे हसतात. पैसा नाही, जागा नाही, कायदा आड येतो, अशी कारणे दिली जातात. ही कारणे खरी नाहीत असे आमचे म्हणणे आहे. खरे कारण इतकेच की कोनशिलेवर एकाच शहराचे मानकरी मावतात. हा आरोप आम्ही जाणीवपूर्वक करत आहोत आणि त्यासाठी कल्याणच्या परिसराचे उदाहरण घेत आहोत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी नगरनियोजनाच्या या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर 'करमणूक' या शब्दापासूनच सुरू होते.

शब्दाची घसरण

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली साप्ताहिक काढले तेव्हा त्याला नाव दिले 'करमणूक'. 'पण लक्षात कोण घेतो?' ही विधवेच्या आयुष्याची कहाणी याच साप्ताहिकातून क्रमशः वाचकांपर्यंत गेली. पाच वर्षांनी काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिक सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचाच दिवाळी अंक निघून मराठीला दिवाळी अंकांची परंपरा मिळाली. म्हणजे ज्या दोन शब्दांकडे आज आपण किंचित तुच्छतेने पाहतो, त्या दोन शब्दांच्या छत्राखाली आधुनिक मराठी गद्य वाढले. त्या पिढीला करमणूक म्हणजे विचारापासून घेतलेली सुट्टी वाटत नव्हती. फावल्या वेळात माणसाने माणसांत येणे, असा तिचा अर्थ होता.

फावला वेळही आपोआप मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टीची मागणी १८८४ पासून लावून धरली आणि रविवारची सुट्टी पदरात पडली ती १८९० साली. 'करमणूक' निघाली तेच वर्ष. एकीकडे वेळ मिळाला, दुसरीकडे त्या वेळात वाचायचे काही मिळाले. या दोन घटनांत कार्यकारण शोधण्याचा आमचा हेतू नाही. मात्र त्या एकाच काळात घडल्या, हे साहित्याच्या इतिहासाने एकत्र वाचायला हवे होते. तसे तो क्वचितच वाचतो.

पुढे काय झाले? सरकारच्या शब्दकोशात १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्याने या शब्दाचा अर्थ निश्चित झाला. करमणूक म्हणजे जिच्यावर कर बसतो ती गोष्ट. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचे हे शुल्क त्यात विरून गेले. पण करमणूक म्हणजे महसुलाची बाब, ही दृष्टी मागे राहिली. दुसरीकडे आपल्या समीक्षेने 'करमणूकप्रधान' हे विशेषण शिवीसारखे वापरायला सुरुवात केली. एका बाजूला कलाकृती, दुसऱ्या बाजूला करमणूक, आणि मध्ये अभिरुचीची भिंत. सरकारला जे केवळ करपात्र वाटते आणि विद्वानांना जे केवळ क्षुद्र वाटते, त्याचे नियोजन कोण करणार? ते ठेकेदाराच्या आणि कोनशिलेच्या हाती गेले, यात नवल नाही.

हद्द कोणाची?

कल्याण स्थानकात मध्य रेल्वेचा मार्ग दुभंगतो. कर्जतच्या दिशेने निघाले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. मुंबईच्या बाजूला ठाकुर्ली आणि डोंबिवली. डोंबिवलीपासून बदलापूरपर्यंतचे अंतर रेल्वेने सुमारे वीस किलोमीटर. या वीस किलोमीटरांत चार स्थानिक स्वराज्य संस्था आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, उल्हासनगरची पाच लाखांहून किंचित अधिक, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या जवळ होती. एकूण सुमारे बावीस लाख. त्यानंतरच्या काळात या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या की हा आकडा किती मागे पडला असेल याची कल्पना येते.

आता या चार संस्थांच्या हद्दी पाहा. १९८३ मध्ये कल्याणची महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यातच होते. पुढे ते वेगळे काढले गेले. डोंबिवली-कल्याणलगतची सत्तावीस गावे १९८३ मध्ये आत आली, २००२ मध्ये बाहेर गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. म्हणजे एखाद्या गावातली मुलगी पहिलीत गेली तेव्हा महापालिकेची नागरिक होती, महाविद्यालयात गेली तेव्हा नव्हती, आणि तिची मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा पुन्हा होती. या सर्व काळात तिचे घर जागचे हलले नाही. अशा हद्दीला कोणी अस्मिता म्हणत असेल, तर त्या शब्दाचा अर्थ एकदा तपासून घेतला पाहिजे.

हद्द न मानणाऱ्या गोष्टी याच परिसरात विपुल आहेत. वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरांत उगम पावते, उल्हासनगरातून वाहते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. वाटेत प्रत्येक शहर तिच्यात आपापली भर घालते. बारवी धरणाचे पाणी या पट्ट्यातील एकाहून अधिक शहरांना पुरते. लोकल तर सर्वांची एकच. नदी सामायिक आहे, तिच्यातले सांडपाणी सामायिक आहे, धरण सामायिक आहे, फलाटावरची गर्दीही सामायिक आहे. रंगमंच, तरणतलाव, तालमीची खोली आणि वाचनालय यांची वेळ आली की मात्र हद्दीचा खांब आठवतो.

महाराष्ट्रातील पालिकांना एकत्र येताच येत नाही, असे म्हणावे तर तेही खोटे आहे. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या महापालिका व ठाणे जिल्हा परिषद यांनी पाण्यासाठी 'स्टेम' ही संयुक्त कंपनी चालवली आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन वेगळ्या बससेवा २००७ मध्ये एकत्र होऊन 'पीएमपीएमएल' झाली. तिच्यात दोन पालिकांचा वाटा साठ आणि चाळीस टक्के असा ठरला. या कंपन्यांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत आणि त्या रास्तही असतील. पण वाटा ठरवता येतो, ताळेबंद एकत्र मांडता येतो आणि एका शहराची बस दुसऱ्या शहरात गेल्याने कोणाचा अपमान होत नाही, इतके त्यातून निर्विवाद सिद्ध होते. जे पाण्याला जमते आणि बसला जमते, ते नाटकाला का जमू नये?

नाटक कोणत्या वॉर्डातले?

नाटकाचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते तेथील अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आश्रयदाता गेला आणि मंडळी गावोगाव निघाली. १८५३ मध्ये ती मुंबईत खेळ करत होती. म्हणजे एका दरबाराचा आधार तुटला तेव्हा मराठी नाटक सार्वजनिक झाले. बैलगाडीने, पुढे आगगाडीने हिंडणाऱ्या नाटक मंडळ्यांनी मराठी प्रेक्षक घडवला. त्या प्रेक्षकाला हद्द नव्हती, मुक्काम होता. आज त्याच विष्णुदासांच्या नावाने वाशीत, राम गणेश गडकऱ्यांच्या नावाने ठाण्यात आणि आचार्य अत्र्यांच्या नावाने कल्याणात नाट्यगृहे उभी आहेत. लेखकांची नावे देण्यात आपल्या नगरपित्यांनी कंजुषी केली नाही याबद्दल त्यांचे आभार मानू. कंजुषी झाली आहे ती नाव दिल्यानंतरच्या काळात.

नाट्यगृहाचे अर्थकारण ज्याला थोडे ठाऊक आहे त्याला ही उधळपट्टी ताबडतोब दिसते. व्यावसायिक नाटकाला शनिवार-रविवारच्या दुपारच्या आणि रात्रीच्या तारखा हव्या असतात. त्याच तारखा शाळांच्या स्नेहसंमेलनांना, वाद्यवृंदांना, सत्कार समारंभांना आणि पक्षांच्या मेळाव्यांना हव्या असतात. सोमवार ते गुरुवार सकाळी मात्र वातानुकूलन यंत्रणा, ध्वनियंत्रणा, हजाराच्या आसपास खुर्च्या आणि कर्मचारी असा सारा संसार ओस पडलेला असतो. प्रत्येक शहराने असा संपूर्ण संसार स्वतंत्रपणे मांडायचा, तो काही वर्षांत मोडकळीस आणायचा, दुरुस्तीसाठी कुलूप लावायचे आणि दुरुस्तीच्या शुभारंभाची आणखी एक पाटी बसवायची, असा आपला शिरस्ता आहे.

याच वेळी एकांकिका करणारी महाविद्यालयीन मुले तालमीसाठी कोणाच्या तरी इमारतीची गच्ची किंवा शाळेचा सुट्टीतला वर्ग शोधत असतात. नेपथ्य ठेवायला जागा नसते म्हणून स्पर्धा संपली की ते मोडून टाकतात. शंभर-सव्वाशे प्रेक्षकांसमोर प्रयोग करावा असे छोटे सभागृह मिळत नाही, कारण छोट्या सभागृहाच्या उद्घाटनाला मोठा माणूस येत नाही. आपल्या शहरांत मोठ्या गोष्टी प्रत्येकाकडे एकेक आहेत आणि छोट्या, उपयोगी गोष्टी कोणाकडेच नाहीत. सामायिक केंद्राचा खरा प्रश्न हा आहे. चार ठिकाणी तेच तेच अर्धवट करण्याऐवजी एकदाच एक गोष्ट पुरी करावी, आणि वाचलेल्या पैशांतून जी गोष्ट कोणीच करत नाही ती करावी.

या परिसराला हे नवे आहे असेही नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. वर्गणी भरणारा वाचक कोणत्या वॉर्डातला, या प्रश्नावर या संस्था उभ्या राहिल्या नाहीत. १९५३ च्या कामगार कल्याण निधीच्या कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या वर्गणीतून निधी उभा राहिला आणि त्यातून ठिकठिकाणी कामगार कल्याण केंद्रे व ललित कला भवने चालली. कामगारांच्या नाट्यस्पर्धांनी मराठी रंगभूमीला किती नट, लेखक आणि तंत्रज्ञ दिले याचा अभ्यास नाट्यशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने जरूर करावा. तीन असमान पक्षांनी नियमित वर्गणी भरून करमणुकीची वास्तू चालवणे ही कल्पना परदेशातून आणावी लागत नाही. ती याच मातीत सात दशके उभी आहे.

परदेशाचे दाखले लागतच असतील तर तेही आहेत. फ्रान्समध्ये १८९० च्या कायद्याने लहान लहान नगरपालिकांना एखाद्या कामापुरता संघ करण्याची मुभा मिळाली, आणि पुढे अशा संघांनी अनेक ठिकाणी तरणतलावही चालवले. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात स्प्रूस ग्रोव्ह हे शहर, स्टोनी प्लेन हे गाव आणि भोवतालची पार्कलँड काउंटी यांनी मिळून बांधलेल्या केंद्राचे नावच 'ट्राय लेझर' आहे. तीन मालक आहेत ही गोष्ट नावातच सांगून टाकली आहे. तेथील बर्फ, तेथील उत्पन्न आणि तेथील मोकळी जागा यांची आपल्याशी तुलना होत नाही. पण तीन नावे एका पाटीवर बसू शकतात, इतका बोध घेण्यास हवामान आड येत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप अस्मितेचा. डोंबिवली स्वतःला सांस्कृतिक नगरी म्हणवते. २०१७ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, याचा तिला अभिमान आहे आणि तो असावाही. पण त्या संमेलनाचा मांडव क्रीडासंकुलात पडला होता, हेही आठवावे. एवढा मेळावा सामावून घेईल अशी वास्तू कोणत्याही एका शहराने स्वतःसाठी बांधणे शहाणपणाचे ठरले नसते. म्हणजेच शहराची प्रतिष्ठा जेव्हा खरोखर वाढते, तेव्हा तिची गरज शहराच्या हद्दीबाहेर जाते.

या अस्मितेच्या तळाशी एक न बोललेली गोष्टही आहे. ती बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. कल्याण-डोंबिवलीच्या मराठी मध्यमवर्गाला उल्हासनगरबरोबर रंगमंच वाटून घेण्याची कल्पना मनातून रुचत नाही. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद या पट्ट्यात कित्येक पिढ्या चालत आला. ज्यांच्यावर तो केला जातो ती माणसे फाळणीत घरदार सोडून लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिली. त्या कल्याण कॅम्पचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. त्यांच्या भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळायला १९६७ साल उजाडावे लागले. रेल्वेची चार-सहा मिनिटे दूर राहणाऱ्या या शेजाऱ्यांच्या भाषेत कोणती कथा लिहिली गेली, कोणते नाटक झाले, हे आपल्या मराठी विभागांपैकी किती जणांना सांगता येईल? फाळणीचे साहित्य आपण मंटोपासून शिकवतो, इंग्रजी अनुवादांतून शिकवतो; शेजारच्या स्थानकावर उतरत नाही. सामायिक केंद्र झाले तर एका रविवारी मराठी प्रयोगानंतर सिंधी प्रयोग होईल, आणि अंबरनाथच्या कारखान्यांमागे वसलेल्या वस्त्यांतून आलेली तमिळ, तेलुगू, हिंदी भाषक मुले त्याच वाचनालयात बसतील. काहींना नेमके हेच नको आहे. त्यांनी तसे स्पष्ट म्हणावे. निधीच्या अडचणीचे पांघरूण घेऊ नये.

दुसरा आक्षेप कायद्याचा. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, बारावी अनुसूची अस्तित्वात आली. तिच्यातील बारावी बाब उद्याने व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांची आहे आणि तेरावी बाब सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक अंगांच्या संवर्धनाची. याच दुरुस्तीतील अनुच्छेद २४३ झेडई महानगर नियोजन समितीविषयी बोलतो आणि नगरपालिका व पंचायती यांच्या समान हिताच्या बाबी विचारात घेण्यास सांगतो. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. तेव्हा कायदा नाही असे नाही. 'समान हित' या शब्दांचा अर्थ रस्ते, पाणी आणि कचरा यांपलीकडे जातो, असे कोणी ठासून सांगितलेले नाही. शब्दांचा अर्थ लावणे हा तर आपलाच व्यवसाय.

तिसरा आक्षेप असा की मग सरळ चारही शहरांची एकच महापालिका करा, किंवा हे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवा. दोन्ही सूचना आम्हांस अमान्य आहेत. विलीनीकरणाने काय होते ते सत्तावीस गावांच्या ये-जा करण्यात दिसलेच. आणि १९७५ पासून काम करणारे प्राधिकरण उड्डाणपूल बांधील, मेट्रो बांधील. पण तालमीच्या खोलीचे भाडे किती असावे हे विचारायला सामान्य माणूस तिथे कोणाकडे जाणार? सामायिक असणे म्हणजे एकरूप होणे नव्हे. चार चुली राहू द्याव्यात, अंगण एक करावे, एवढीच आमची मागणी आहे.

चौथा आक्षेप काळाचा. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, करमणूक खिशात आली, मग केंद्र कशाला? हा आक्षेप घेणाऱ्यांनी नव्या गृहसंकुलांच्या जाहिराती वाचाव्यात. क्लब हाउस, तरणतलाव, छोटे थिएटर, वाचनकक्ष, ज्येष्ठांसाठी कट्टा. विकासकाला ठाऊक आहे की माणसाला एकत्र बसायला जागा हवी असते. तो ती कुंपणाच्या आत विकतो. खिशात मोबाइल असतानाही लोक त्यासाठी पैसे मोजतात. प्रश्न एवढाच की ज्यांना कुंपणाच्या आत घर घेता येत नाही त्यांनी संध्याकाळी कुठे जावे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याने चोविसाव्या कलमात विश्रांती व फावल्या वेळाचा आणि सत्ताविसाव्या कलमात सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्क सांगितला. रोज चार-चार तास प्रवासात घालवणाऱ्या या पट्ट्यातील माणसाच्या वाट्याला उरलेली संध्याकाळ आधीच तोकडी असते. ती त्याने फलाटावरच्या बाकावर घालवावी, असे आपल्या नियोजनाचे म्हणणे दिसते.

कसे करावे

टीका करून थांबणे सोपे आहे, म्हणून आराखडाही मांडतो. सामायिक केंद्र म्हणजे एकाच ठिकाणी उभारलेला भव्य घुमट, असे आम्ही मानत नाही. केंद्र एक असावे आणि त्याची दारे चार असावीत, प्रत्येक दार स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका शहरात आजचेच मोठे नाट्यगृह उत्तम यंत्रणेसह सर्वांसाठी राखावे. दुसऱ्यात सव्वाशे आसनांचे प्रायोगिक सभागृह, तालमीच्या खोल्या आणि नेपथ्याचे कोठार. तिसऱ्यात तरणतलाव आणि बंदिस्त खेळांची जागा. चौथ्यात बहुभाषक वाचनालय आणि रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका. सदस्यपत्र एक, तारखांची नोंदवही एक, दर सर्वांना सारखे. बदलापूरच्या विद्यार्थिनीला डोंबिवलीत 'बाहेरची' म्हणून जास्त पैसे पडू नयेत.

पैशाचे सूत्रही अवघड नाही. वर्गणीचा एक भाग लोकसंख्येनुसार, एक भाग प्रत्यक्ष वापरानुसार आणि एक भाग पालिकेच्या ऐपतीनुसार ठरवावा. ज्या शहरात वास्तू आहे त्याने जागा द्यावी. त्याला रोजगार आणि वर्दळ मिळतेच. पायाचा दगड बसवण्यापूर्वी वीस वर्षांच्या देखभालीचा निधी वेगळा काढावा आणि तो इतर कामांकडे वळवता येऊ नये. एखाद्या पालिकेला बाहेर पडायचे असेल तर त्याची रीत आधीच लिहून ठेवावी. कारभारी मंडळात निवडून आलेले, अधिकारी आणि प्रत्यक्ष वापरणारे, म्हणजे नाट्यसंस्था, खेळाडू, वाचक, शिक्षक, अशा तिघांचे समान भाग असावेत. वापरणाऱ्यांचा तिसरा भाग आम्ही आग्रहाने मागतो. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपल्यानंतर काही वर्षे तेथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. कारभार प्रशासक पाहत होते. अशा काळात वास्तूच्या बाजूने बोलणारे कोणीतरी कायमचे असावे लागते.

यातले बहुतेक सारे एका करारनाम्यात लिहावे लागेल. करारनामा हाही एक वाङ्मयप्रकारच आहे, आणि कोनशिलेच्या नेमका उलट. कोनशिलेत नावे असतात आणि जबाबदाऱ्या नसतात. करारनाम्यात जबाबदाऱ्या आधी येतात. कोनशिला उद्घाटनाच्या दिवसापुरती असते. करारनाम्याला उद्घाटनानंतरच्या प्रत्येक दिवसाची चिंता करावी लागते. आपल्या शहरांनी पहिला प्रकार कळसाला नेला आणि दुसरा हाताळलाच नाही.

तिसरा प्रकार आपल्या हातात आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ज्याची जमीन आरक्षणात गेली तो जमीनमालक हरकत लिहितो, विकासक लिहितो, वकील लिहितो. या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या मराठी, हिंदी, सिंधी आणि इंग्रजी विभागांनी मिळून एक सूचना लिहावी: अमुक भूखंडावरील आरक्षण शेजारच्या पालिकांच्या सामायिक करमणूक केंद्रासाठी ठेवावे, आणि त्याची कारणे पुढीलप्रमाणे. दरवर्षी अंदाजपत्रक मांडले जाण्यापूर्वी तीच सूचना चारही पालिकांना एकाच मजकुराने पाठवावी, म्हणजे चौघांनाही उत्तर द्यावे लागेल आणि चार उत्तरांची तुलना करता येईल. आस्वादाची, चिकित्सेची आणि शब्दांच्या नेमकेपणाची आपली सवय एकदा या अर्जाच्या कामी यावी. सभागृहे ओस पडली म्हणून परिसंवादांत हळहळणाऱ्यांनी निदान एवढा एक कागद आपल्या सहीने आवक खिडकीत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.